बिनधुराचे निखारे

दिवेलागण झाली की रुद्र रडायला लागायचा आणि आम्ही मोठी माणसं एकमेकांवर चिडायला लागायचो. रडणं म्हणजे भुकेची कुरकुर नव्हे. पाय पोटाशी ओढायचा, मुठी आवळायचा, लालबुंद व्हायचा आणि असा टाहो फोडायचा की खालच्या मजल्यावरचे लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे. पोट टम्म फुगलेलं. महिन्याचंही झालं नव्हतं ते पोर, पण घरातल्या तीन जाणत्या माणसांना त्याने पुरतं जेरीस आणलं होतं.

तीन म्हणजे मी (दिशा), माझा नवरा ललित आणि माझी आई ठमाबाई. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी, विंचूरला व्हायचं. पण गरोदरपणात माझी साखर वाढली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या दवाखान्यापासून लांब जायचं नाही, आणि मग आईने माहेरच उचलून इकडे आणलं. माझ्या भावाच्या, नवनाथच्या, पिकअपमधून नाशिकला, गंगापूर रोडच्या आमच्या बिल्डिंगसमोर पट्ट्यांची बाज उतरली, सहाण उतरली, लाडवांचे डबे उतरले, कोळशाचं पोतं उतरलं आणि सगळ्यात शेवटी गोधडीत गुंडाळलेली लोखंडी शेगडी उतरली. वॉचमन म्हणाला, "ताई, हॉटेल टाकताय का?" आईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने गुपचूप लिफ्टचं दार धरलं.

जावयाच्या घरी राहायचं म्हणजे आईला पाणी पिणंही अवघड. ललित ऑफिसला जाईपर्यंत ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही, आणि सोफ्यावर तर ती कधी टेकलीच नाही. त्याच्याशी थेट बोलायचीही नाही. काही सांगायचं असलं तर मला सांगायची, आणि तोही मलाच उत्तर द्यायचा, दोघं एकाच खोलीत समोरासमोर असले तरी. मी मधल्या मध्ये निरोप पोचवून दमायचे. इथे फुकट राहतोय असं कुणाला वाटू नये म्हणून की काय, बाळंतपणात मात्र तिने तसूभर कसर ठेवली नाही.

त्या बाळंतपणाचा मुख्य कणा म्हणजे ती शेगडी. आजीने आईला त्याच शेगडीवर शेकलं होतं, आईने माझ्या भावजयीला. आमच्याकडे बाळंतिणीची शेगडी माळ्यावर टाकत नाहीत. एकीचा सव्वा महिना झाला की भावकीत किंवा शेजारात जी पुढची बाळंतीण असेल तिच्या घरी ती जाते. फिरत राहिली की शुभ, थंड पडली की बरं नाही, असं आई म्हणायची. मला या सगळ्याचं कौतुकही होतं आणि कंटाळाही होता, बाळंतिणीला दोन्ही परवडतं.

रोज सकाळी अंघोळ झाली की मला आणि रुद्रला मागच्या छोट्या खोलीत बाजेवर निजवायचं, बाजेखाली शेगडी सरकवायची, निखाऱ्यांवर चिमूट चिमूट ओवा आणि शेपा टाकायच्या, आणि वरून गोधडी. पहिल्या दिवशी सगळा फ्लॅट धुराने भरला. ललित खोकत बाहेर आला आणि आईसमोर उभं राहून मला म्हणाला, "दिशा, आईंना सांग, रागावू नका म्हणावं, पण हा धूर बाळाच्या छातीला चांगला नाही."

जावई बोलला, विषय संपला. दुसऱ्या दिवसापासून आई कोळसे बाल्कनीत पेटवायला लागली. पुठ्ठ्याने वारा घालघालून ते लाल करायची, धुराची शेवटची रेघ विरली की मगच शेगडी आत आणायची.

"सांग जावईबापूंना," ती मला म्हणायची, "धुराचा लवलेश नाय."

ललित येऊन बघायचा, हुंगायचा आणि मान डोलवायचा. मीही डोलवायचे. तो इंजिनिअर, मी बँकेत, आई गावातली निम्मी बाळंतपणं केलेली. तिघांचंही एकमत झालं की धूर नाही म्हणजे भीती नाही.

भीती होती ती वाऱ्याची. डिसेंबरची थंडी, त्यात सहावा मजला, गोदावरीकडून येणारं गार वारं. बाळाच्या पोटात आधीच गुबारा धरलेला, त्यात बाहेरचं वारं लागलं तर काय होईल, या एकाच विचाराने आईची झोप उडालेली. सरकत्या खिडकीच्या काचा तिने घट्ट लावल्या आणि कडेच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या. दाराखालून वारं येतं म्हणून टॉवेलची गुंडाळी करून तिथे लावायची. एसीच्या पाइपाभोवती एक भोक होतं, ते तिने कणीक मळून बुजवलं. मी हसले तर म्हणाली, "हस तू. पोर तुझं हाय, पण रात रात मांडीवर मी घेऊन बसते."

संध्याकाळच्या रडण्यावर आम्ही काय केलं नाही? बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून, आपल्या गालाला लावून बघून, त्याच्या पोटावर फिरवली. खांद्यावर टाकून पाठ थोपटून ढेकर काढला. पालथं हातावर घेऊन हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या. ललितने मोबाइलवर बघून त्याचे पाय सायकलसारखे फिरवले, तर रुद्रने त्याच्या शर्टावर दूध ओकलं. डॉक्टरांनी थेंब दिले होते, तेही दिले. थेंबांनी जरा वेळ बरं वाटायचं, ते बहुधा आम्हाला. मग पुन्हा टाहो. मी एकदा वैतागून म्हटलं, "कुणीतरी याला गप्प करा हो, मी काहीही देईन." असं बोलून जातो माणूस.

त्याच संध्याकाळी आईने दिवसातून दुसऱ्यांदा शेगडी पेटवली. मला आणि रुद्रला बाजेवर घातलं, दार ओढून घेतलं. तो रडतच होता. मग रडणं ढिलं पडलं, मग नुसते हुंदके आले, मग तेही थांबले. मुठी उघडल्या. पोटाशी घेतलेले पाय लांब झाले. मला रडू आलं, इतकं बरं वाटलं. बाहेर ललित आणि आई दाराला कान लावून उभे होते, ते मला त्यांच्या श्वासावरून कळत होतं.

"शेक लागला," आई पलीकडून हळूच म्हणाली. "त्याला ही खोली मानवली."

तेव्हापासून ती खोली रुद्रची झाली. हॉलमध्ये आणला की रडणार, त्या खोलीत शेक दिला की गप्प, हे इतकं नेमाने घडायला लागलं की आईने त्याचं शास्त्रच बनवलं. हॉलमध्ये चार लोक येतात, नजर लागते. मागची खोली उबदार, तिथे वारं नाही, नजर नाही. एकदा पायांना तेल चोळता चोळता ती म्हणाली, "तुम्ही दोघं भावंडं तर शेकात बी बोंबलायचे. तुमचं पोट कधी शांत झालंच नाय. हा बघ कसा निजतो, अंगातलं सगळं वारं उतरतं त्याच्या."

मी ऐकलं आणि मला अभिमान वाटला. माझं पोर माझ्यापेक्षा शहाणं आहे असं वाटलं.

डोकं मात्र दुखायला लागलं होतं. शेक घेऊन उठलं की कपाळावर आवळून फडकं बांधल्यासारखं व्हायचं, तोंडाला कोरड, पायात पाणी झाल्यासारखं. झोप नाही म्हणून, असं मी धरून चालले. बाळंतिणीला काहीही झालं की झोप नाही म्हणून किंवा अंगात रक्त नाही म्हणून, याच्या पलीकडे कुणी जात नाही, बाळंतीणही नाही. आईसुद्धा कधीमधी कपाळाला सुंठ उगाळून लावायची. येणारे जाणारे माझे गाल बघून म्हणायचे, बाळंतपण मानवलं, चेहऱ्यावर लाली आलीय. रुद्रच्याही गालांवर लाली होती. शेकानंतर तो दूध नीट ओढायचा नाही, तोंडात धरून तसाच पडून राहायचा. पोट भरलेलं असेल, आई म्हणायची.

डॉक्टरांकडे महिन्याच्या तपासणीला नेलं तेव्हा ललितने गाडीच्या काचा खाली केल्या आणि कॉलेज रोडपर्यंत पोचेस्तोवर माझी डोकेदुखी उतरली. दवाखान्यात रुद्र टकामका बघत होता, हातपाय मारत होता. डॉक्टर म्हणाले, वजन थोडं कमी वाढलंय, दूध पाजत राहा, पोटात वायू धरणं तिसऱ्या महिन्यापर्यंत आपोआप थांबेल. घरी काय देता विचारलं, मी गुटी देतो म्हणून सांगितलं. शेगडीचं ना त्यांनी विचारलं ना मला सांगायचं सुचलं. शेगडी काही देत नाही ना आपण, ती तर नुसती बाजेखाली असते.

आमच्या अगदी खालच्याच फ्लॅटमध्ये सृष्टी राहायची, दिवस भरत आलेले. एकदा ती आणि तिच्या सासूबाई, सुवर्णाकाकू, बाळाला बघायला आल्या. बाथरूमच्या डक्टमधून आमच्याकडचं सगळं त्यांना ऐकू जायचं, त्यांच्याकडचं आम्हाला.

"आधी किती रडायचा हो," सृष्टी म्हणाली, "आता आवाजच येत नाही. काय केलंत?"

आईने तिला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि शेगडी दाखवली, देवघर दाखवावं तशी. कोळसे कसे बाहेर पेटवायचे, धूर कसा जाऊ द्यायचा, मग दार कसं लावायचं, टॉवेल कसा, सगळं सांगितलं. सुवर्णाकाकू मन लावून ऐकत होत्या.

"दिशाचा सव्वा महिना झाला की ही तुमच्याकडं," आई म्हणाली. "सृष्टीचं बाळ बी असंच गप्प निजंल."

सृष्टीने पोटावर हात ठेवला आणि आईच्या पाया पडली. आई त्या दिवशी फार खूश होती. आल्यापासून पहिल्यांदा ती हॉलमध्ये बसून चहा प्यायली, खाली बसून का होईना.

त्यानंतरच्या आठवड्यात नाशिकची थंडी एकदम वाढली. सकाळी नळाच्या पाण्यात हात घालवेना. आईने शेगडी रोजच्यापेक्षा जास्त भरली, वरपर्यंत, फुललेले निखारे. एक कणही धूर नाही. आम्हाला अंघोळी घातल्या, बाजेवर निजवलं, दार लावलं, बाहेरून टॉवेल सारला. "मी खाली भाजीवाल्याकडं जाऊन येते," म्हणाली, "सुवर्णाताईंना ओवा बी द्यायचाय. तू नीज." ललित ऑफिसला गेलेला.

मी पडून राहिले. रुद्र आधी कुरकुरला, पाय आखडले, मग सैल झाला. ऊब चांगली वाटत होती. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. उठून गॅस बंद करावा असं वाटलं, मग आठवलं की तो आमचा कुकर नाही. पुन्हा शिट्टी झाली आणि मला पुन्हा तेच सगळं वाटलं, जणू पहिल्यांदाच. डोक्यात घण पडत होते. अंगावरचा कपडा ओला लागला, म्हणून खाली पाहिलं तर पान्हा फुटून वाहत होता. दुधाची वेळ होऊन गेली होती आणि रुद्रने मागितलं नव्हतं.

"रुद्र," मी म्हटलं. तो छान दिसत होता. गाल गुलाबी, ओठ गुलाबी. मी त्याच्या गालाला हात लावला, गरम होता. तळव्यावर टिचकी मारली. नर्सने दाखवली होती तशी, दूध पिताना झोपला तर उठवायला. काही नाही. जोरात मारली. मग चिमटा काढला, माझ्या स्वतःच्या पोराच्या तळव्याला नखाने चिमटा काढला. त्याचं तोंड जरासं उघडलं आणि आवाज न येता मिटलं.

तेव्हा मला भीती वाटली. आयुष्यात तशी भीती मला कधी वाटली नव्हती. रड, मी म्हणत होते, रड रे बाबा, रड एकदा. मी उठायला गेले आणि गुडघे आपोआप दुमडले. बाजेवरून खाली पडले. हात वर करून गोधडीसकट त्याला ओढून घेतलं. दार चार पावलांवर होतं. मी त्याला छातीशी धरून, दुसऱ्या कोपराने सरकत गेले. वाटेत मला एकदा असंही वाटलं की जरा इथेच पडावं, मग जाऊ. तो विचार किती गोड होता ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. कडीला हात पोचला, निसटला, पुन्हा पोचला. दार आत ओढलं. हॉलमधली गार हवा तोंडावर आली. मी आधी रुद्रला बाहेर ठेवला, उघड्या फरशीवर, आणि मग तिथेच उंबऱ्यात पडले.

किल्लीचा आवाज आला. आईच्या हातात मेथीची जुडी होती, मागे सुवर्णाकाकू होत्या. आईला पहिल्यांदा दिसलं ते फरशीवर पडलेलं बाळ.

"अगं बाई, वारं लागंल त्याला," ती म्हणाली. मेथी टाकून तिने त्याला उचललं आणि त्याला घेऊन ती परत त्या खोलीकडे निघाली.

माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी तिचं लुगडं धरलं, घोट्याजवळ, आणि सोडलं नाही. तिने पाय झटकला. मी दातांनी धरल्यासारखं धरून ठेवलं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "ठमाताई, बाळाची मान बघा. हे हलत नाहीये."

पुढचं मला तुटक आठवतं. लिफ्ट, काकूंच्या मुलाची गाडी, आईचं देवांची नावं घेणं. दवाखान्यात रुद्रला आणि मला दोघांनाही ऑक्सिजन लावला. तरुण डॉक्टर आधी विचारत होते, घरात गॅस गिझर आहे का. नाही, ऑफिसातून धावत आलेला ललित म्हणाला. मग काही पेटवता का? ललितने मागे वळून पाहिलं. आई दारात उभी होती, तिने पहिल्यांदाच जावयासमोर स्वतःहून उत्तर दिलं.

"शेक देतो," ती म्हणाली. "पण धूर नसतो, साहेब."

डॉक्टर चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की निखाऱ्यातून एक वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साठतो आणि रक्तात शिरतो. मोठ्या माणसाचं डोकं दुखतं. लहान बाळ गप्प होतं.

रुद्र दुसऱ्या दिवशी रडला. काचेपलीकडे आधी तोंड वेडंवाकडं झालं, मग आवाज आला, घोगरा. ललित भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, आत्ता सगळं ठीक दिसतंय, पण पुढे लक्ष ठेवायचं, मान कधी धरतो, हसतो कधी, नजर कशी फिरवतो. म्हणजे आता महिनोन् महिने मी त्याच्याकडे तशाच डोळ्यांनी बघत राहणार, तो नुसता जांभई देत असला तरी.

आई दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होती. "तिकडं कधी असं झालं नाय," ती म्हणाली.

"तिकडे पत्रा आणि भिंत यांच्यात हात जाईल एवढी फट आहे, आई."

ती म्हणाली, "त्या फटीतनं चिमण्या यायच्या आत. ती बुजवा म्हणून तुझ्या बापाच्या मागं जन्मभर लागले मी. त्यांनी काय ऐकलं नाय."

मला तिचा राग आला होता आणि तिची दयाही येत होती, आणि दोन्ही एकाच वेळी सांभाळायची ताकद अंगात नव्हती. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

लोकांनी विचारलं तेव्हा ललितने सुवर्णाकाकूंसकट सगळ्यांना सांगितलं की बाळाला इन्फेक्शन झालं होतं. माझ्या आईला कुणी बोल लावू नये, एवढाच त्याचा हेतू. चांगला हेतू होता, मी त्याला तेव्हा नावं ठेवली नाहीत. आम्ही घरी आलो तेव्हा घर लख्ख होतं, सुवर्णाकाकूंनी त्यांच्याकडे ठेवलेल्या आमच्या किल्लीने येऊन झाडलोट केली होती, मेथीसुद्धा निवडून फ्रिजमध्ये ठेवली होती. मागच्या खोलीतली बाज भिंतीला उभी होती. खिडकीतल्या चिंध्या मी स्वतः उपसून काढल्या. शेगडी कुठे दिसली नाही. बरं झालं, फेकली कुणीतरी, असं मनाशी म्हटलं आणि तिचं नावही काढलं नाही. आईसमोर काढवत नव्हतं.

आम्ही दवाखान्यात असतानाच सृष्टीला मुलगी झाली होती, सिझर करून. पेढे आमच्या दाराला अडकवलेले होते. थोड्याच दिवसांत डक्टमधून तिच्या लेकीचं रडणं ऐकू यायला लागलं, आणि तेही अगदी दिवेलागणीलाच. आता वर रुद्र आणि खाली ती, दोघं मिळून बिल्डिंग डोक्यावर घ्यायचे. रुद्रचा गुबारा होता तसाच होता. फरक आमच्यात पडला होता. तो रडत असला की ललित टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत बसायचा. आई पालथं हातावर घेऊन, उघड्या खिडकीपाशी, येरझाऱ्या घालायची.

काल संध्याकाळीही तसंच चाललं होतं. मी बाथरूममध्ये रुद्रचे लंगोट पिळत होते. खालची पोर जीव तोडून रडत होती, मध्येच श्वास अडकावा तशी थांबायची आणि पुन्हा सूर लावायची. मला तिची कीव आली, आणि सृष्टीची जास्त. मग डक्टमधून वास आला. भाजलेल्या ओव्याचा.

तव्यावरच्या पुरचुंडीचा असेल, मी स्वतःला सांगितलं. पण तव्यावरच्या ओव्याचा वास एवढा भरून येत नाही. मी डक्टच्या जाळीला तोंड लावून हुंगलं. ओवा होता, शेपा होत्या. धूर नव्हता.

मी ओल्या हातांनी बाहेर आले. "आई, शेगडी कुणी टाकली?"

"जावईबापूंनी," ती म्हणाली.

ललितने मोबाइलवरून मान वर केली. "मी कुठे? मला वाटलं आईंनी काढली. तसं मी त्यांना कसं विचारणार?"

ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी एकमेकांकडे असं सरळ पाहिलं असेल. आईच्या हातातला रुद्र किंचाळत होता.

"सुवर्णाताईंनी त्या दिवशी शेगडी बाहेर काढली होती," आई सावकाश म्हणाली. "निखारं विझवा म्हणून मीच त्यांना म्हटलं. आपण दवाखान्यात असताना त्या फोनवर म्हणल्या होत्या, सृष्टीचे टाके ओले हायेत, पंधरा दिसांनी शेक सुरू करू... माझं ध्यानच नव्हतं."

ती पुढे काही बोलत होती, पण मला ते ऐकू आलं नाही, कारण खालचं रडणं ढिलं पडलं होतं. मोठा आवाज गेला होता. नुसते हुंदके येत होते, लांब लांब. मी ते ओळखलं. मग तेही थांबले.

मी आईच्या हातातून रुद्रला ओढून घेतलं, का ते मला सांगता येणार नाही, त्याला त्या क्षणी कुणाहीपाशी ठेववलं नाही, आणि अनवाणी जिना उतरले. मागून ललित येत होता. बेल दाबली, पुन्हा दाबली, हाताच्या मुठीने दार वाजवलं.

सुवर्णाकाकूंनी दार जरासं उघडलं. ओठांवर बोट, चेहऱ्यावर हसू.

"हळू गं, दिशा," त्या कुजबुजल्या. "आत्ताच डोळा लागलाय दोघींचा. किती दिवसांनी शांत निजलीय बघ, तुझ्या आईचे उपकार आहेत. आणि याला कर ना आधी गप्प, उठवेल तो तिला."

रुद्र माझ्या कानाशी टाहो फोडत होता. मी त्याला थोपटलं नाही, खांदा बदलला नाही. त्याला तसाच रडत घेऊन काकूंना बाजूला सारलं आणि त्यांच्या मागच्या खोलीकडे गेले. दार बंद होतं. खाली टॉवेलची गुंडाळी होती, आई लावायची तशीच, कडेपासून कडेपर्यंत घट्ट.